वाढवलेली बाही: एका त्रैमासिकातल्या फोटोचं प्रकरण

हे प्रकरण एका फोटोतल्या बाहीचं आहे. फोटो आला तेव्हा ती कोपरापर्यंत होती, छापून आला तेव्हा मनगटापर्यंत. मधली वीत मी भरली.

मुस्लिम स्त्रियांसाठी मराठीत निघणाऱ्या एका त्रैमासिकाची पानं मी लावते. अंकाचं, गावाचं, माणसांचं नाव इथे घेतलेलं नाही. जिचा फोटो होता तिला हा मजकूर आधी वाचायला दिला. तिने दोन वाक्यं कापली आणि एक घातलं.

पार्श्वभूमी

त्रैमासिक एका लहानशा ट्रस्टचं. प्रती दीड हजार. वर्गणीदार बहुतेक रत्नागिरी-रायगडातले आणि तिथून मुंबई-ठाण्याला आलेले, थोडे मराठवाड्यातले. संपादक आपा, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. उपसंपादक नुकतीच वकिलीची सनद घेतलेली मुलगी. विश्वस्तांपैकी एकच जण अंकात खरं लक्ष घालतात, ते उर्दू शाळेतले जुने शिक्षक, सगळ्यांचे सर. आणि मी. माझं माहेर चिपळूणकडचं. अजान झाली की ओढणी डोक्यावर घेते, एरवी ती खांद्यावर असते. हे सांगायचं कारण एवढंच की पुढे जे घडलं ते बाहेरच्या माणसाच्या अडाणीपणातून घडलं, असं कुणी समजू नये.

अंकात हया हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. लाज म्हटलं तर कमीपणा येतो, शालीनता म्हटलं तर प्रगतिपुस्तकातला शेरा वाटतो. या एका शब्दावर आपांनी लिहिलेली लेखमाला मला अजून आवडते. कुराणातल्या सूरह नूरमधला क्रम त्यांनी तसाच धरला होता: आधी ३० वी आयत, पुरुषांनी नजर खाली ठेवावी, मग ३१ वी, स्त्रियांनी नजर खाली ठेवावी आणि ओढणी छातीवर घ्यावी. चारचौघांत कुणाचं उणंदुणं न काढणं, दुसऱ्याच्या घरात डोकावून न पाहणं, घेतलेले पैसे वेळेवर परत करणं, हे सगळं त्यांनी हया या शब्दात बसवलं होतं. कपड्यावर चौथ्या लेखात दोन परिच्छेद होते.

फोटोंचा हिशेब मात्र वेगळा. लिहून ठेवलेला नियम एकही नव्हता, पण मला सगळे पाठ होते. बाईचं डोकं झाकलेलं हवं. बाही मनगटापर्यंत हवी. हसताना दात दिसत असतील तर दुसरा फोटो मागवायचा. लेखिकेचा फोटो ‘चालणारा’ नसेल तर फोटो विकणाऱ्या एखाद्या साइटवरून अबायातली, म्हणजे अंगभर सैल झग्यातली, बाई उचलायची. ती बहुधा आखाती किंवा तुर्की चेहऱ्याची, गोरी, मोठ्या काचेच्या खिडकीशी कॉफीचा कप धरून बसलेली. आमच्या दापोली-मंडणगडच्या वाचकांच्या घरी ना तशी खिडकी, ना शेजारी तशी बाई. पुरुषांना नियमच नव्हते. ज्या अंकाची ही गोष्ट आहे त्यातच मूत्रपिंडाच्या आजारांवर लिहिणाऱ्या डॉक्टरांचा फोटो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होता. त्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

मलपृष्ठावर अबायाच्या एका दुकानाची जाहिरात असते. तिच्या पैशात कव्हरचा आर्ट पेपर आणि छपाई निघते. जाहिरातीतल्या मॉडेलच्या बाह्या बोटांच्या पेरापर्यंत, पण काजळ डोळ्यांच्या बाहेर ओढलेलं, ओठ लालभडक, बाह्यांवर खड्यांचं काम. जाहिरात दुकानाकडून तयार पीडीएफमध्ये येते. ती उघडायची, कडा तपासायच्या आणि लावायची. तिच्यावर हया या शब्दाच्या अंगाने चर्चा झालेली मला आठवत नाही.

म्हणजे एकाच अंकात हया तीन तऱ्हांची होती. मजकुरातली वागण्याची, फोटोतली मापाची आणि मलपृष्ठावरची विकाऊ. पानं लावणारी मीच, तरी हे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

अडचण

रमजान ईदच्या अंकासाठी एका डायलिसिस तंत्रज्ञ मुलीचा लेख आला. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात काम, वय सत्तावीस. लेखाची सुरुवातच अशी होती की मी वाचता वाचता उठून बसले. डायलिसिसच्या पेशंटच्या हातात धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडलेली असतात, त्याला फिस्टुला म्हणतात. सुई टोचण्याआधी त्यावर बोटं ठेवायची. कातडीखाली रक्त धावत असतं, त्याची भुरभुर बोटांना लागते. तिने लिहिलं होतं, मुठीत भुंगा धरावा तशी. भुरभुर लागली तर सुई. नाही लागली तर डॉक्टरांना फोन. मग चार तास मशीन चालतं आणि त्या चार तासांत माणसं काय काय बोलतात, ते पुढे.

सोबतचा फोटो तिच्या सहकारी मुलीने मोबाइलवर काढलेला. आकाशी रंगाचा स्क्रब, टोपीत केस, तोंडावर मास्क, हातात ग्लव्हज. पेशंटच्या पालथ्या हातावर तिची दोन बोटं. अख्ख्या फोटोत उघडं होतं ते डोळ्यांच्या पट्टीइतकं आणि कोपरापासून ग्लव्हजच्या काठापर्यंतची वीतभर कातडी.

फॉर्म, म्हणजे एकत्र छापायची पानं, छपाईच्या प्लेटसाठी सकाळी जायचा होता. रात्री साडेअकराला आपांचा व्हॉइस मेसेज आला: “बेटा, त्या डायलिसिसवाल्या मुलीची बाही जरा खाली घे. आपल्याला काही नाही गं, पण लोक बोलतात.”

मी घेतली. खांद्याजवळचं कापड क्लोन स्टॅम्पने उचललं, मनगटापर्यंत आणलं, कोपराशी दोन चुण्या टाकल्या, मशीनच्या दिव्याचा निळसर उजेड बाहीच्या कडेला परत दिला. वीस मिनिटं लागली. चुण्या इतक्या बेमालूम बसल्या की मी फोटो मोठा करून दोनदा पाहिला, स्वतःवर खूश होऊन. हात चालू होताच, म्हणून कोपऱ्यातली पिवळी कचरापेटीही पुसून टाकली. पानाला ती डोळ्यात खुपत होती.

लेखिकेला फोन करावा हे मनात आलंच नाही. साडेअकरा वाजले होते हे कारण मी नंतर सांगितलं, पण ते खरं नव्हे. मी याला बदल समजतच नव्हते. भिंतीवरचं कॅलेंडर पुसतो, चेहऱ्यावरची चकाकी कमी करतो, तशीच ही सफाई.

अंक पोस्टात पडल्यावर आठ दिवसांनी तिचा फोन आला. “बाजी, तो हात माझा नाही.”

रागावलेली नव्हती. गोंधळलेली होती, आणि गोंधळलेल्या माणसाला उत्तर देणं अवघड जातं. डायलिसिस विभागात कोपराखाली बाही चालत नाही. रक्त उडतं. हिपॅटायटिस बी आणि सी एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, बी असलेल्यांचं मशीन वेगळं ठेवतात. बाहीचं टोक एका पेशंटला लागून दुसऱ्याला लागणं ही तिथे चूक नसते, गुन्हा असतो. नव्याने आलेल्या मुलींना हात कोपरापर्यंत धुवायला हीच शिकवत असे. आता इन्चार्ज सिस्टरांनी कपडे बदलायच्या खोलीत अंक उघडून विचारलं होतं की ही बाही काय आहे, आणि फोटोत पिवळी पेटी कुठे गेली. रक्ताळलेला कापूस, गॉज त्या पेटीत जातं. एका फोटोत मी तिला दोनदा बेफिकीर ठरवलं होतं.

शेवटी ती म्हणाली, “आणि अम्मीला फोटो फार आवडलाय. तिने चार अंक मागवलेत, नातेवाइकांना द्यायला.”

त्या फोनमधलं हे वाक्य मला सगळ्यात जड गेलं.

पर्याय

रविवारी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर आपांच्या घरी बसलो. पहिला तासभर, गप्प बसावं का, यावरच गेला. दीड हजार प्रतींतल्या किती जणींनी बाही निरखून पाहिली असेल? खुलासा छापला तर ज्यांनी पाहिली नाही त्याही पाहतील. आपांचं हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. खुलाशाने त्या मुलीच्या हाताकडे पहिल्यापेक्षा जास्त डोळे वळणार होते.

उपसंपादक फोनवर एका मौलानांशी बोलून आली होती. तिला वाटलं होतं ते बाहीबद्दल सांगतील. ते म्हणाले, मुळात चित्र छापताच कशाला? जिवंत माणसाचं चित्रच न छापणं, हा दुसरा पर्याय त्यातून आला, आणि आपांना तो पटकन आवडला. फुलं, मशिदीच्या कमानी, सुलेखन. वाद मिटला.

सर तोवर बोलले नव्हते. त्यांच्याकडे जुन्या उर्दू मासिकांच्या बांधणी आहेत आणि बोलायला लागले की थांबत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना सहसा शेवटी विचारतो. ते म्हणाले, हे करून झालेलं आहे. १८९८ मध्ये लाहोरहून ‘तहजीब-ए-निस्वां’ सुरू झालं, संपादक मोहम्मदी बेगम, शरीफ घरातली परद्यातली बाई. बायकांचं साप्ताहिक आणि संपादकही बाई, एवढ्यावरच लोक अंकांवर शिव्या लिहून ते परत धाडत. त्या काळी परदा नावालाही होता. नज्र सज्जाद हैदर लग्नाआधी ‘बिंत-ए-नज्रुल बाकर’ म्हणून लिहीत, म्हणजे नज्रुल बाकर यांची मुलगी. अलीगढकडच्या जाहिदा खातून शेरवानी नुसत्या ‘जे खे शीन’ या आद्याक्षरांनी कविता छापत. बापाच्या नावाआड नाहीतर तीन अक्षरांआड. मग एकेकीने नाव बाहेर काढलं. नंतर चेहरा. १९२९ मध्ये कलकत्त्याच्या ‘सौगात’ने स्त्रियांचा विशेषांक काढला तेव्हा त्यात लेखिकांची छायाचित्रं होती. त्याच घरातून १९४७ च्या जुलैत ‘बेगम’ हे साप्ताहिक निघालं, आधी सुफिया कमाल आणि मग नूरजहाँ बेगम यांच्या संपादनाखाली. पहिल्या मुखपृष्ठावर बंगाली लेखिका बेगम रोकेयांचं छायाचित्र होतं. “तुम्ही फोटो बंद करा, माझं काही म्हणणं नाही,” सर म्हणाले, “पण बंद करणारे आपण पहिले नाही आणि शहाणेही नाही.”

मग उपसंपादकाने उलट टोक धरलं. फोटो आपणच नीट काढावेत. स्टुडिओ, प्रकाश, कपडे आपल्या पसंतीचे. तिने फोनवर इस्तंबूलच्या ‘आला’ची पानं दाखवली. २०११ साली सुरू झालेलं हे मासिक. डोकं झाकणाऱ्या स्त्रियांसाठी गुळगुळीत कागदावर फॅशन. रेशमी रुमाल, पायघोळ कोट, एकही बाही आखूड नाही. पानं देखणी होती, मी नाही म्हणणार नाही. तुर्कस्तानातल्याच धार्मिक मंडळींकडून त्यावर टीका झाली होती की सगळं झाकूनही हा मिरवण्याचाच प्रकार आहे. सरांना त्यापेक्षा वेगळीच हरकत होती. “त्या पानावर वाचक राहत नाही, गिऱ्हाईक राहतं.” मी मलपृष्ठाकडे बोट दाखवलं. कुणी काही बोललं नाही. आपांनी चहा आणायला सांगितला.

चहानंतर उपसंपादकाने बॅगेतून झेरॉक्स काढल्या. तिने खरंच कष्ट घेतले होते. हनफी पंथाच्या फिक्हच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, जुन्या ग्रंथांत इमाम अबू यूसुफ यांचं एक मत नोंदलेलं आहे: भाकरी भाजताना, कपडे धुताना बाईला हात उघडे करावेच लागतात, म्हणून कोपराखालच्या हाताकडे पाहण्याची सवलत आहे. आठव्या शतकातला काझी आणि आमची डायलिसिसवाली, दोघांची अडचण एकच, काम. तिचं म्हणणं, मूळ फोटो छापावा आणि शेजारी ही चौकट द्यावी. वर इंग्लंडचं उदाहरण. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत कोपराखाली काही नको हा नियम आला तेव्हा मुस्लिम कर्मचारी स्त्रियांपुढे हाच प्रश्न उभा राहिला, आणि २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत एकदा वापरून फेकायच्या जादा बाह्यांची सोय मान्य झाली.

सर हसले. “आपली निम्मी वर्गणी कोकणातली. कोकणातले आपण शाफई पंथाचे, हनफी नव्हे. शाफई मत इथे जास्त कडक आहे. हनफी इमामाची चौकट छापलीस तर पुढचे दोन अंक पत्रव्यवहारातच जातील.” ते वाक्य विनोद म्हणून गेलं, पण चौकटीचा पर्याय तेवढ्यापुरता तिथेच थांबला.

मला मात्र मगापासून दुसरंच खटकत होतं. लेखात ती मुलगी सरळ लिहिते की मी दिवसाला सहा-सात परक्या पुरुषांच्या मनगटाला हात लावते, कातडीखालचं रक्त चाचपते. तो मजकूर आपांनी वाचला, सरांनी वाचला, मी लावला. एका ओळीवरही कुणी खूण केली नव्हती. स्पर्श चालला, बाही चालली नाही. मी हे बोलून दाखवलं. आपा बराच वेळ लेखाच्या पानाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “वाचताना मला पेशंट दिसत होता. फोटोत ती दिसली.”

त्या दिवशी निर्णय झाला नाही. झाला तो मंगळवारी, आणि त्याला कारण सरांच्या कपाटातली एक स्मरणिका. आपांच्याच गावच्या उर्दू शाळेची, सुवर्णमहोत्सवाची. आतल्या पानावर साठच्या दशकातल्या शिक्षिकांचा फोटो: सात जणी, सुती साड्या, डोक्यावर पदर, ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या वर. डावीकडून तिसऱ्या आपांच्या आई. गावातल्या मुलींना कुराण शिकवायच्या त्याच. अबाया आमच्याकडे नंतर आला, बराचसा आखातात गेलेल्या भावांच्या, नवऱ्यांच्या बॅगांतून. आपांनी फोटोवर अंगठा ठेवला आणि विचारलं, “हिची पण वाढवली असतीस का गं?” प्रश्न मला होता, पण उत्तर त्यांना नको होतं.

काय केलं

सगळ्यात आधी जे करायला हवं होतं ते सगळ्यात शेवटी केलं: लेखिकेला विचारलं, तुला काय हवंय? आपांनी आणि मी मिळून फोन केला. आपांनी आधी माफी मागितली, मोजक्या शब्दांत. मग तिच्यापुढे पर्याय ठेवले: नुसता खुलासा, मूळ फोटोसह खुलासा, किंवा काहीच नाही.

तिने दोन दिवस मागून घेतले. अम्मीशी बोलायचं होतं. त्या घरात काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने लिहून पाठवलं: मूळ फोटो छापा, पिवळ्या पेटीसकट. खुलाशात लिहा की बदल तुम्ही केला आणि मला न विचारता केला. आणि चौकट नको. उपसंपादकाने उत्साहात तिला अबू यूसुफांचा मजकूर पाठवून ठेवला होता. त्यावर तिचं उत्तर होतं: “माझ्या बाहीला फतव्याचा दाखला नको. चूक फोटोत होती, बाहीत नव्हती.”

उपसंपादक खट्टू झाली. मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. आम्ही तिच्या बाजूने युक्तिवाद करायला निघालो होतो, आणि त्यामुळे तिचा हात पुन्हा वादाचा विषय झाला असता, फक्त या वेळी आमची बाजू तिची असती.

रुग्णालयाच्या इन्चार्ज सिस्टरांना आपांनी स्वतंत्र पत्र लिहिलं की चूक अंकाची आहे. पुढच्या अंकात आठव्या पानावर खुलासा गेला, सात ओळींचा, फोटो पहिल्याच मापात. शिवाय आम्ही स्वतःसाठी चार ओळी लिहून काढल्या. त्या माझ्या टेबलासमोर चिकटवलेल्या आहेत. कुणाच्याही फोटोतले कपडे, केस, कातडी यांत बदल करायचा नाही. चालत नसेल तर फोटो छापू नये, आणि का ते लेखिकेला सांगावं. फोटो द्यायचा की नाही, कोणता द्यायचा, हे लेखिका ठरवेल आणि तसं लिहून देईल. जे नियम बायकांच्या फोटोंना, तेच पुरुषांच्या.

पाचवी ओळ जाहिरातींची होती. ती खोडली गेली. मलपृष्ठ हातचं गेलं तर कव्हर कशातून छापायचं याचं उत्तर सरांकडेही नव्हतं.

काय झालं

एका मदरशाने चाळीस प्रतींचा गठ्ठा न उघडता परत केला. वर्गणी बंद केल्याची तीन पत्रं आली. एकीने लिहिलं की तुम्ही झाकलेलं उघडं केलंत. दुसरीकडे खेडच्या एका परिचारिकेने, वीस वर्षांची नोकरी झालेल्या, आपला वॉर्डातला फोटो न मागता पाठवला, पाठीमागे पेन्सिलने लिहून: बाही अशीच ठेवा. अबायाच्या दुकानदाराला यातलं काहीच कळलं नाही, किंवा कळूनही त्याने फरक पडू दिला नाही. त्याची पीडीएफ वेळेवर आली.

लेखिकेच्या अम्मींना दुसरा फोटो आवडला नाही. त्यांच्या शोकेसमध्ये अजून पहिला अंकच आहे, मी वाढवलेल्या बाहीचा. मुलगी म्हणते, राहू दे.

आमच्यापैकी कुणालाच अपेक्षित नव्हतं ते वेगळंच. फोटो द्यायचा की नाही हे लेखिकांवर सोपवल्यावर पुढच्या तीन अंकांत बहुतेकींनी फोटो दिलाच नाही. पूर्वी आम्ही मागत होतो म्हणून त्या देत होत्या. आता विचारलं, तर नको म्हणाल्या. एकीला सासरचं कारण होतं, एकीला वजन वाढल्याचं, बऱ्याच जणींनी कारण दिलं नाही. साइटवरच्या कॉफीवाल्या बाया बंद केल्यामुळे पानं मोकळी दिसू लागली. शेवटी मी विहिरीचा रहाट, शिवणयंत्र, तांदळाच्या भाकरीवरच्या बोटांच्या खुणा असे फोटो लावले. वरवर पाहणाऱ्याला आमचा अंक पूर्वीपेक्षा जास्त परद्यात गेल्यासारखा वाटेल. एका वाचकाने तसं लिहिलंही. त्याला काय उत्तर द्यावं यावर आपांचं आणि उपसंपादकाचं अजून एकमत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला मुद्दा साधा. रात्री साडेअकराला बदल करू नये. फॉर्म एक दिवस उशिरा गेला असता, ईद कुठे पळून जात नव्हती. पण तो दिवस मिळाला असता तरी मी फोन केला असता का, याची मला खात्री नाही. आपांच्या मेसेजमधलं “लोक बोलतात” मला इतकं ओळखीचं होतं की कोण लोक, हे विचारायचं सुचलं नसतं. नंतर मी जुने अंक काढून वाचकांची सगळी पत्रं चाळली. बाहीवर, केसांवर, दातांवर आलेलं पत्र एकही नव्हतं. ते लोक आम्हीच होतो.

दुसरं, तिचं काम काय आहे हे समजून घ्यायला हवं होतं. लेख माझ्या पुढ्यात उघडा होता. त्यात तिसऱ्या परिच्छेदात तिने स्वच्छ लिहिलंय की हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय विभागात पाय टाकत नाही. पुढच्याच वाक्यात तिने म्हटलंय, वजूची, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याची, सवय असल्याने ते तिला जड जात नाही. कोपरापर्यंत हात धुणं तिच्या लेखात दोनदा आलंय, एकदा रुग्णालयाच्या नियमातून आणि एकदा सूरह माइदाच्या ६ व्या आयतीतून. मी हा परिच्छेद दोन रकान्यांत बसवला, शेवटची ओळ पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून अक्षरांमधली जागा कमी केली, आणि मग त्याच पानावरच्या हाताला बाही घातली.

खुलाशाबद्दल मी अजून साशंक आहे. आपांची पहिली हरकत खरी ठरली, त्या हाताकडे जास्त डोळे वळले. लेखिकेने मागितला म्हणून तो छापला आणि ते बरोबरच होतं. पण तिने मागितला नसता, तर आम्ही छापला असता का? छापायला हवा होता का? चूक आमची असली तरी त्या चुकीची जाहिरात लेखिकेच्या अंगावरून होत होती.

मलपृष्ठाचं काहीच केलं नाही, हे तर सरळ अपयश आहे. आतल्या पानांवर काम करणाऱ्या बाईच्या वीतभर हातावर तीन बैठका झाल्या आणि खड्यांच्या बाहीवर एकही नाही.

गेल्या महिन्यात तिचा दुसरा लेख आला. डायलिसिसला लागणाऱ्या पाण्यावर. एका पेशंटच्या एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी जातं, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरच्या गावात ते कसं जमवतात, त्याची धावपळ. भुंग्याइतकी नाही, पण सुरुवात चांगली आहे. सोबत फोटो रुग्णालयाच्या गच्चीवरच्या आरओ प्लांटच्या टाकीचा. टाकीशेजारी कुणाची तरी चप्पल राहिलेली दिसते. मी ती पुसली नाही.